आग रामेश्वरी, प्रशिक्षण सोमेश्वरी

इमारतीच्या अग्निसुरक्षा तपासणीचा जो छापील तक्ता असतो, त्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिला जाणारा शब्द ‘आहे’ हा. पंप आहे. होज रील आहे. दुसरा जिना आहे. धोक्याची घंटा आहे. तक्ता खोटं बोलत नाही. तपासणीच्या दिवशी या वस्तू जागेवर असतातच. फक्त एक प्रश्न त्यातून निसटतो: रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, रखवालदार कालच कामाला लागलेला असताना, यांतलं काय चालेल? पंपाच्या पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवलेला असेल तर पंप आहे आणि नाहीही. दुसऱ्या जिन्याच्या दाराला चोरांच्या भीतीने कुलूप असेल तर जिन्याचंही तेच. आग लागू न देण्याच्या, आणि लागलीच तर तिने माणसं मारू नयेत याची तजवीज करण्याच्या कामात काही काळ गेला की या ‘आहे’ची धास्ती बसते. मला मांडायचं आहे ते त्या धास्तीतूनच आलेलं आहे. ‘आहे’च्या पलीकडे पाहायला, आणि जे दिसलं ते इतरांकडून दुरुस्त करून घ्यायला अग्निप्रतिबंधक अधिकाऱ्याला शिकवावं लागतं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवता येत नाहीत. आणि आपण त्याला शिकवतो ते बव्हंशी तिसरंच: लागलेली आग विझवायला.

यात अग्निशमन दलाला कमी लेखण्याचा हेतू नाही. आग विझवण्याचं शिक्षण आपल्याकडे ज्या शिस्तीने उभं राहिलं, त्याचा कुणालाही अभिमान वाटावा. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 साली रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातल्या दलांचे अधिकारी तिथून घडून गेले. राज्याचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे. शिडी, दोर, होज, श्वसनयंत्र यांची कवायत जवानांच्या अंगात इतकी भिनवली जाते की वर्दी आल्यावर हाताला विचार करत थांबावं लागत नाही. हे त्या शिक्षणाचं यश आहे. पण प्रतिबंधाच्या कामात नेमका विचारच करायचा असतो. तिथे घंटा वाजत नसते, ज्वाळा दिसत नसतात. समोर एक शांत, चकचकीत, गार हवेची इमारत असते आणि तिच्यात काय काय चुकू शकेल हे डोळ्यांपुढे आणायचं असतं. राज्याच्या केंद्रातल्या एका पाठ्यक्रमाला ‘उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी’ असं जोडनाव आहे. कागदावर ही दोन्ही कामं शेजारी शेजारी बसतात. मान, पदक आणि वर्तमानपत्रातलं छायाचित्र मात्र पहिल्याच्या वाट्याला येतं. न लागलेल्या आगीचं छायाचित्र काढता येत नाही. त्यामुळे प्रतिबंधाच्या टेबलावरची नेमणूक कुणी शिक्षा समजतं, तर कुणी, हेही लिहायलाच हवं, कमाईची जागा. आपलं काम हे एक शास्त्र आहे, असं समजणारा अधिकारी दोन्हींच्या मधे एकटा पडतो.

या शास्त्राबद्दलही एक गैरसमज आहे. तांत्रिक ज्ञान म्हणजे नियमांतले आकडे पाठ असणं, असं मानलं जातं. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीचा चौथा भाग अग्नी व जीवसुरक्षेचा आहे. 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला ती उंच इमारत मानते आणि 24 मीटरच्या वर गेलं की माणसांना आसरा घेण्यासाठी मोकळी जागा मागते. हे आकडे आलेच पाहिजेत. पण त्यामागचं कारण ज्याला कळलेलं नाही, तो अधिकारी नकाशात आकडा जुळला की समाधानाने सही करतो. जिन्याची दारं आपोआप बंद व्हावीत, असा आग्रह का? कारण इमारतीच्या आगीत माणसं बहुधा भाजून नव्हे, धुराने गुदमरून मरतात, आणि दार उघडं राहिलेला जिना धुराड्यासारखा चालतो. विजेच्या तारांच्या उभ्या शाफ्टमध्ये प्रत्येक मजल्यावर पाडलेलं भोक बुजवायचं का? त्याच कारणासाठी. हे कारण कळलं की मग तक्त्यात नसलेल्या गोष्टीही दिसू लागतात: अग्निरोधक दाराखाली सरकवलेली लाकडी पाचर, शाफ्टमध्ये कोंबलेली रद्दी आणि झाडू, आसऱ्याच्या जागेला काचा लावून केलेली बैठकीची खोली. पंपाचंच पाहा. वाहिनीतला दाब उतरला की आधी छोटा जॉकी पंप आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू व्हायला हवा. खटका ‘मॅन्युअल’वर का फिरवला जातो? बहुतेक वेळा वाहिनीत कुठेतरी गळती असते, दाब हळूहळू उतरत राहतो, जॉकी पंप दर थोड्या वेळाने सुरू होतो, आवाजाची तक्रार येते, विजेचं बिल वाढतं, आणि अखेर कुणीतरी खटका फिरवून मोकळा होतो. ‘ऑटोवर ठेवा’ असा शेरा मारून आलेल्या अधिकाऱ्याचा शेरा आठ दिवस टिकतो. ‘गळती शोधून काढा’ असं सांगणाऱ्याचा टिकून राहतो. तांत्रिक प्रशिक्षणाने साधायचं असतं ते या दोन शेऱ्यांमधलं अंतर.

महाराष्ट्राने 2021 या एका वर्षात या अंतराची फार मोठी किंमत मोजली. 9 जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागली. तिथल्या 17 बाळांपैकी 10 दगावली. त्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करण्याचे आदेश निघाले. मार्चमध्ये भांडुपच्या एका मॉलमध्ये चाललेल्या रुग्णालयात, एप्रिलमध्ये विरारच्या अतिदक्षता विभागात आणि 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पुन्हा रुग्ण मेले, नगरला 11. म्हणजे तपासणीचा हुकूम, तपासणीची यंत्रणा आणि तपासणीचे कागद हे सगळं असताना हे होत राहिलं. अतिदक्षता विभाग ही वेगळीच जागा असते. तिथे वातानुकूलन यंत्रं आणि विजेची उपकरणं दिवसरात्र थांबत नाहीत, हवेत प्राणवायूचं प्रमाण वाढलेलं असू शकतं, आणि रुग्णाला उठून पळता येत नाही. मॉलचा तक्ता घेऊन अशा विभागात शिरणाऱ्या अधिकाऱ्याला अग्निशामक सिलिंडरवरची तारीख दिसेल. वायरिंगवर किती भार आहे, प्राणवायू बंद करण्याची झडप कुठे आहे, रात्रपाळीच्या परिचारिकेला ती माहीत आहे का, आणि रुग्णाला खाटेसकट शेजारच्या सुरक्षित कप्प्यात ढकलत न्यायला दार पुरेसं रुंद आहे का, हे त्याला कुणी शिकवलेलं असेल तरच तो विचारेल. जाता जाता एक: आपल्याकडे जवळपास प्रत्येक आगीचं कारण ‘शॉर्ट सर्किट’ असं छापून येतं. राख निवायच्या आत हे कारण ठरलेलं असतं. आगीनंतर तार वितळलेली सापडली, तर ती आगीमुळे वितळली की तिच्यामुळे आग लागली, हे सांगायला वेगळं कसब लागतं. ते नसेल तर ‘शॉर्ट सर्किट’ हे कारण राहत नाही, देवाची करणी म्हणण्याचा तो नवा प्रकार ठरतो. आणि कारणच चुकलं की पुढच्या इमारतीत काय पाहायचं, तेही चुकतं.

इथवर कुणाचा फारसा वाद नसावा. अधिक तंत्र शिकवा, हे कुणीही मान्य करतं. नेतृत्वाचं नाव काढलं की मात्र भुवया उंचावतात. नेतृत्व शिकवायचं म्हणजे हॉटेलातल्या सभागृहात रंगीत चित्रफिती दाखवून केलेली दोन दिवसांची कार्यशाळा, असा अनेकांचा अनुभव आहे आणि त्यांचा कंटाळा रास्त आहे. दलातल्या जुन्या लोकांचा आक्षेप वेगळा असतो: नेतृत्व रक्तात असावं लागतं, वर्गात येत नाही. पण दलातलं नेतृत्व तरी रक्तातून कुठे येतं? ते कवायतीतूनच येतं. आत जा म्हटलं की जायचं, बाहेर या म्हटलं की यायचं. हुकूम देणारा आणि ऐकणारा दोघंही ती भाषा शिकलेले असतात. प्रतिबंधाच्या कामात अडचण अशी की तिथे अधिकाऱ्याच्या हुकमात कुणीच नसतं. रुग्णालयाचे अधिष्ठाता त्याच्या हाताखाली नसतात, सोसायटीचे सचिव नसतात, मॉलचे व्यवस्थापक आणि वास्तुविशारद तर नसतातच. सरकारी रुग्णालयातलं साधं वायरिंग बदलायचं तर काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेचं, पैसा आरोग्य खात्याचा किंवा जिल्हा नियोजनाचा, रुग्ण हलवण्याचा निर्णय डॉक्टरांचा, आणि आग लागली तर जाब अग्निशमन अधिकाऱ्याला. अशा ठिकाणी कडक गणवेश आणि चढा आवाज यांनी एकच गोष्ट साधते: समोरचा ‘हो साहेब’ म्हणतो आणि फाइल खालच्या कप्प्यात जाते. ज्यांच्यावर आपला अधिकार चालत नाही त्यांच्याकडून काम करून घेणं, हे इथलं नेतृत्व. ते हुकमाच्या नेतृत्वाहून अवघड आहे, आणि त्याची कवायत आपण कधी घेतलेली नाही.

ती कवायत कशाची असावी, असं मला कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी नोटीस लिहिण्याचं नाव घेईन. हे उत्तर अनेकांना फारच कारकुनी वाटेल. आपल्याकडच्या नोटिशीतलं नेहमीचं वाक्य आठवून पाहा: ‘सदर इमारतीत अग्निसुरक्षेच्या दृष्टीने त्रुटी आढळून आल्या असून त्यांची तातडीने पूर्तता करावी.’ या वाक्यात एकही वस्तू नाही, जागा नाही, मुदत नाही, कारण नाही. ते वाचून कुणालाही काही करावंसं वाटणार नाही आणि न केल्याबद्दल कुणाला पकडताही येणार नाही. त्याऐवजी असं लिहिलं तर: ‘तिसऱ्या मजल्यावरील पूर्वेकडच्या जिन्याच्या दाराला कुलूप आहे, किल्ली तळमजल्यावर असते. या मजल्यावर एका वेळी सुमारे शंभर माणसं असतात आणि उतरायला दुसरा एकच मार्ग आहे. कुलूप आज काढावं. आतून ढकलताच उघडेल अशी कडी सात दिवसांत बसवावी. आठव्या दिवशी पुन्हा पाहणी होईल.’ हे लिहायला जिन्याचं शास्त्र कळावं लागतं, म्हणजे तंत्र आलं. आणि हे लिहून, सही करून, जावक क्रमांक टाकून, आठव्या दिवशी खरोखर जाण्याची तयारी लागते, म्हणजे नेतृत्व आलं. ही दोन्ही एकाच कागदावर राहतात, म्हणून ती वेगवेगळ्या वर्गांत शिकवून चालत नाही.

पाहिलेलं असूनही ते तडीस गेलं नाही तर काय होतं, याचा पुरावा दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात आहे. 13 जून 1997 ला तिथे 59 माणसं मेली. इमारतीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून आग निघाली, धूर जिन्यांतून वर चढला, आणि बाल्कनीतून बाहेर पडण्याची एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. यातलं सगळं काही अकस्मात उघडकीला आलं नव्हतं. 1983 मध्येच दिल्लीतल्या चित्रपटगृहांची तपासणी झाली होती, ‘उपहार’मधल्या उल्लंघनांची नोंद झाली होती, परवाना निलंबितही झाला होता. मालक न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, आणि तात्पुरत्या परवानग्यांच्या आधारावर चित्रपटगृह पुढची चौदा वर्षं चालत राहिलं. या गोष्टीतून न्यायालयाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मला त्यात प्रशासनाला विचारायचा प्रश्न दिसतो: स्थगिती उठवण्यासाठी, निदान दोन-तीन जीवघेण्या त्रुटी तरी वेगळ्या काढून त्या न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा ठेवण्यासाठी, चौदा वर्षांत कोण उभं राहिलं? दहा-अकरा त्रुटींची सरसकट यादी न्यायाधीशालाही सरसकटच दिसते. परवान्यावरची तांत्रिक हरकत आणि माणसं मारणारी हरकत यांतला फरक सांगणं हे अधिकाऱ्याचं काम आहे. ते साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, उलटतपासणीला तोंड देत सांगावं लागतं. आपल्या प्रशिक्षण केंद्रांत उंच मनोऱ्यावरून दोराने उतरण्याचा सराव होतो. एखाद्या दिवशी त्याच मैदानाशेजारच्या खोलीत वकील बोलावून उलटतपासणीचाही सराव व्हायला काय हरकत आहे?

तंत्र आणि नेतृत्व वेगळं काढता येत नाही, याचा आणखी एक दाखला लंडनचा आहे. 14 जून 2017 ला ग्रेनफेल टॉवर या 24 मजली निवासी इमारतीत 72 माणसं मेली. बाहेरून चढवलेल्या आवरणाच्या पत्र्यांत पॉलिथिलीनचा गाभा होता, त्यामुळे एका स्वयंपाकघरातली आग बघता बघता बाहेरून वर चढली. तिथल्या दलाची पद्धत होती रहिवाशांना ‘घरातच थांबा’ असं सांगण्याची. प्रत्येक घर हा स्वतंत्र कप्पा आहे आणि आग त्याबाहेर जाणार नाही, या गृहीतकावर ती उभी होती. ऑक्टोबर 2019 मध्ये आलेल्या चौकशीच्या पहिल्या टप्प्याच्या अहवालाने जवानांच्या धैर्याची वाखाणणी केली आणि दलाच्या तयारीवर कठोर ठपका ठेवला. इमारत पूर्ण रिकामी करण्याची वेळ आली आहे हे ओळखायचं कसं, याचं प्रशिक्षणच घटनास्थळावरच्या अधिकाऱ्यांना मिळालेलं नव्हतं. म्हणजे आवरणाबद्दलचं अज्ञान त्या रात्री निर्णयाचं अज्ञान झालं. आपल्याकडे हा विषय दूरदेशीचा समजू नये. अ‍ॅल्युमिनियमचे असे पत्रे आणि काचेचे दर्शनी पडदे आता तालुक्याच्या गावातल्या सराफी दुकानापर्यंत पोचले आहेत. 2014 च्या जुलैत अंधेरीच्या काचबंद व्यापारी इमारतीतली आग विझवताना मुंबई दलाचा एक जवान गेला. पत्र्याच्या आत काय भरलंय, हे पाहायला शिकलेला अधिकारी आग लागण्यापूर्वी तिथे जाऊन आलेला असेल, तर नंतर आत शिरणाऱ्या जवानाचा जीव वाचतो. प्रतिबंधावरचा खर्च हा विझवण्यावरच्या खर्चातून काढून घेतलेला वाटतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं.

आता सगळ्यात जड आक्षेप. दुखणं अज्ञानाचं नाहीच, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. अधिकाऱ्याला सगळं कळतं. त्याला पैसे मिळतात किंवा वरून फोन येतो, म्हणून तो गप्प बसतो. मग शिकवून काय होणार? आक्षेप बिनबुडाचा नाही. राजकोटच्या ज्या गेम झोनमध्ये 25 मे 2024 ला 27 जणांचा जीव गेला, त्याला अग्निशमन विभागाचं ना हरकत प्रमाणपत्रच नव्हतं. पत्र्याची शेड, आत साठवलेलं इंधन, शेजारी चाललेलं वेल्डिंग: यातला धोका ओळखायला पदवी लागत नाही. अशा ठिकाणी प्रशिक्षण उपयोगाचं नाही, शिक्षाच हवी, हे मी मान्य करतो. पण बहुसंख्य इमारती राजकोटच्या शेडसारख्या नसतात. त्यांत काहीतरी असतं, काहीतरी नसतं, आणि सौदा होतो तो या धूसर जागेत. ‘त्रुटी आढळल्या’ या वाक्यावर घासाघीस करता येते, कारण त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. कुलूप, मजला, माणसांची संख्या आणि तारीख लिहिलेल्या कागदावर ती करणं महागात पडतं. उद्या काही झालं तर तो कागद बोलतो. वरून फोन आल्यावरही ‘साहेब, माझ्या अंगावर येईल’ एवढंच म्हणणारा अधिकारी आणि ‘साहेब, त्या मजल्यावरच्या शंभर माणसांना एकच जिना आहे, मी आपल्याला टिपण पाठवतो’ असं म्हणणारा अधिकारी, यांतल्या दुसऱ्याला फोन करायला लोक कचरतात. प्रामाणिकपणा शिकवता येत नाही, कबूल. प्रामाणिक माणसाला हत्यार मात्र देता येतं. आज तो बहुधा निःशस्त्र असतो आणि म्हणून काही वर्षांत तोही गप्प बसायला शिकतो.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. छोट्या नगरपरिषदांत अग्निशमन विभागाचा कार्यभार अतिरिक्त म्हणून कुणाच्या तरी गळ्यात असतो. तिथे बंबावर चालक मिळायची मारामार, प्रशिक्षणाला पाठवायचं कुणाला? महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने याचं अर्धं उत्तर देऊन ठेवलं आहे. मूळ जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाप्राप्त अभिकरणाकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन सादर करायचं. अधिकाऱ्याने प्रत्येक नळ स्वतः उघडून पाहावा, अशी कायद्याची अपेक्षाच नाही. मेख इथे आहे की अभिकरणाला पैसे देतो तो मालक, आणि प्रमाणपत्र द्यायचं तेही त्याच्याच यंत्रणेला. अशा व्यवस्थेत सरकारी अधिकाऱ्याचं काम बदलतं: त्याने तपासणाऱ्यांना तपासायचं असतं. आलेल्या प्रमाणपत्रांतली थोडी निवडून अचानक जाऊन पाहायची, कुठल्या अभिकरणाची प्रमाणपत्रं सतत फोल निघतात त्याचा हिशेब ठेवायचा, आणि परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवायचा. माणसं कमी असतील तर हे अधिकच शिकावं लागेल. चारच माणसं असलेल्या कार्यालयात कुठली चाळीस ठिकाणं आधी पाहायची हे ठरवणं, हाच नेतृत्वाचा सगळ्यात कोरडा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. रुग्णालयं, शिकवणी वर्ग, वसतिगृहं आधी. ज्यांच्याकडे वकील आहेत ते मॉल त्यानंतरही चालतील.

तिसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो मला खरोखर अडवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात आगीच्या अपघातांत मेलेल्यांची संख्या सात हजारांहून अधिक आहे, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक राहत्या घरांत मेले. बातम्या मॉलच्या होतात. मरणं घरातल्या चुलीजवळ होतात. तिथे ना कायदा पोचतो ना नोटीस. मग या अधिकाऱ्यांना इतकं शिकवून झोपडीतल्या बाईला काय मिळणार? मला वाटतं, हा आक्षेप माझ्या बाजूनेच बोलतो. जिथे अधिकार संपतो तिथे पटवून देण्याखेरीज हातात काही उरत नाही. गॅसची रबरी नळी कधी बदलायची, हे वस्तीत सांगायला गॅस वितरक, आशाताई, बचत गट यांना बरोबर घ्यावं लागेल, आणि त्यांच्यातला कुणीही अग्निशमन अधिकाऱ्याचा हाताखालचा माणूस नाही. अमेरिकेत 1973 मध्ये राष्ट्रीय आयोगाने ‘अमेरिका बर्निंग’ हा अहवाल दिला, आणि त्याने दलांचा बहुतेक पैसा आणि मेहनत विझवण्यावर जाते, प्रतिबंधावर नाही, यावरच बोट ठेवलं. पुढच्या वर्षी कायदा झाला, त्यातून राष्ट्रीय अग्निशमन अकादमी निघाली. ती मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गला आहे. तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पाठ्यक्रमातली एक अट मला फार शहाणपणाची वाटते: प्रशिक्षणार्थ्याने आपल्याच गावातला एखादा खरा प्रश्न घेऊन त्यावर संशोधन करायचं. तिथले आगीतले मृत्यू पुढच्या दशकांत बरेच घटले. त्यात घराघरांत लागलेल्या धुराच्या घंटांचा वाटा मोठा आहे, अकादमीला एकटीला ते श्रेय देता येणार नाही. पण घंटा घराघरांत लावायला लोकांना कुणीतरी तयार केलंच होतं. पैसा तिकडे जास्त आहे, हे खरं. आपापल्या गावाचा प्रश्न अभ्यासायला सांगण्याला मात्र पैसा लागत नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणून प्रतिबंधाचा वेगळाच संवर्ग करावा, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. धुराने भरलेल्या जिन्यात जो कधी गुडघ्यांवर रांगला नाही, त्याला जिन्यातल्या चपलांच्या कपाटाचा राग मनापासून येणार नाही. कामं बदलती हवीत, फक्त प्रतिबंधावरची नेमणूक निदान तीन वर्षांची असावी, तिच्या आधी इमारत, वीज आणि लेखन यांचं सलग शिक्षण असावं, आणि बढतीच्या वेळी किती आगी विझवल्या याच्या शेजारी किती नोटिशी तडीस नेल्या, हेही विचारलं जावं. 

दरवर्षी 14 एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. 1944 मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. त्या जहाजावर हजाराहून अधिक टन स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या होत्या आणि ते भर गोदीत उभं होतं. जवान तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी, ते भरण्याचा आणि उभं करण्याचा निर्णय कुठल्यातरी टेबलावर कागदावर झाला होता. श्रद्धांजलीच्या भाषणांत जवानांचं धैर्य असतं, आणि असायलाच हवं. त्या टेबलाबद्दल क्वचितच कुणी बोलतं. वाचकांकडे माझं मागणं छोटं आहे. आपल्या इमारतीत अग्निशमन यंत्रणा असेल तर सोसायटीच्या कार्यालयात जाऊन गेल्या जानेवारीचं किंवा जुलैचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. मग पंपाच्या खोलीत जाऊन पॅनेलवरचा खटका कुठे आहे ते पाहा. तो ‘मॅन्युअल’वर असेल तर का आहे, हे विचारा, आणि मिळालेलं उत्तर तारखेसकट लिहून अग्निशमन केंद्राला पाठवा.